गाडी ‘बनवणाऱ्यां’विषयी

परतवाडा मागे टाकून घटांगचा घाट ओलांडला, की धारणीच्या रस्त्यावर सिपना नदीकाठी सेमाडोह लागते. विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही दोघे तेथे वरचेवर जातो. सांगायला बोलीच्या अभ्यासासाठी, आणि खरे तर जंगलाच्या ओढीनेही. गेल्या हिवाळ्यात अशाच एका सहलीत आम्ही पहाटे सफारीच्या जिप्सीत बसलो होतो. वाघ दिसला नाही. सांबर दिसले, रानगवे दिसले. आणि परतल्यावर, ज्या गाडीत तीन तास बसलो होतो ती गाडी प्रथमच नीट दिसली.

छप्पर काढलेले. मागे नाटकगृहातल्यासारखी चढती आसने, म्हणजे पाठीमागच्याला पुढच्याच्या डोक्यावरून दिसावे. हाताशी लोखंडी नळीचा कठडा. खालच्या कमानींत एक पाटा जास्तीचा. पुढे कंपनीच्या बंपरच्या जागी जाड पट्टीचा, वेल्डिंगच्या गाठी दिसणारा बंपर. “ही गाडी अशीच मिळते का हो?” असे आमच्यापैकी एकाने विचारले. चालक हसला. म्हणाला, “नाही सर. कंपनीनं रस्त्यासाठी बनवली ना! जंगलासाठी तं आपल्यालेच बनवा लागते.”

‘बनवा लागते’ या शब्दांपाशी आम्ही अडखळलो. त्याचे कारण सांगणे आम्हांला फारसे सुखावह नाही, पण ते सांगितल्यावाचून या लेखाला अर्थ उरणार नाही.

काही वर्षांपूर्वी पदव्युत्तर वर्गाला आम्ही व्यावसायिक बोलींच्या शब्दसंग्रहाचा प्रकल्प दिला होता. कोणी कोष्ट्यांचे शब्द आणले, कोणी संत्राबागांतले. परतवाड्याच्या एका विद्यार्थ्याने आपल्या वडिलांच्या गॅरेजातली शब्दांची वही आणून दिली. जुन्या जीपा उतरवून नव्याने उभ्या करणे, त्यांची उंची वाढवणे, बुलेटची टाकी आणि हँडल बदलणे ही त्या गॅरेजची खासियत. वही शंभरेक पानांची होती. आम्ही ती दोन दिवसांत परत केली. ‘यातील बहुतेक शब्द इंग्रजीचे अपभ्रंश आहेत, व्यवसाय पारंपरिक निवडावा’ असा शेरा पहिल्या पानावर लिहिला, आणि जेथे जेथे ‘गाडी बनवणे’ असे आले होते, तेथे तेथे लाल शाईने ‘बनवणे’ खोडून ‘दुरुस्त करणे’ असे केले. ‘बनवणे’ हा हिंदीच्या प्रभावाने सैल झालेला प्रयोग आहे, शिष्ट मराठीत ‘बनवणे’ म्हणजे फसवणे, हे आम्ही वर्गातही सांगितले. वर्ग हसला. तो मुलगा हसला की नाही, हे आम्ही पाहिले नाही. पुढे त्याने लोकगीतांवर प्रकल्प केला आणि त्याला बऱ्यापैकी गुण मिळाले.

आमची चूक केवळ भाषिक नव्हती. ज्या कामाला त्या मुलाच्या घरात प्रतिष्ठा होती, त्या कामाकडे आम्ही पोरकट खूळ म्हणून पाहत होतो. वाहनात आपल्या मनाजोगे बदल करणे हा रिकामटेकड्यांचा आणि श्रीमंतांचा छंद आहे, त्याचा संस्कृतीशी काय संबंध, ही आमच्यासारख्या वाङ्मयीन मंडळींची सर्वसाधारण धारणा असते. तिचा फेरविचार व्हायला हवा, असे आम्हांला आता वाटते.

या छंदाचा जागतिक इतिहास थोडक्यात पाहू. १९३२ साली फोर्डने आपल्या स्वस्त मोटारीत आठ सिलिंडरांचे व्ही-८ इंजिन बसवले. त्या आणि त्याआधीच्या जुन्या फोर्ड गाड्या दक्षिण कॅलिफोर्नियातील तरुणांना थोडक्या डॉलरांत मिळत. ते त्यांचे मडगार्ड काढत, बॉनेट काढत, वजन कमी करत, इंजिन फेरजुळणी करून बसवत आणि मोहावे वाळवंटातल्या म्युरॉकसारख्या कोरड्या तळ्यांच्या सपाटीवर पळवत. अशा गाडीला पुढे ‘हॉट रॉड’ हे नाव पडले. १९३७ मध्ये या मंडळींची संघटना झाली, १९४८ मध्ये ‘हॉट रॉड’ नावाचे मासिक निघाले. रस्त्यांवरच्या जीवघेण्या शर्यतींमुळे पोलीस आणि वृत्तपत्रे या मुलांच्या मागे लागली, तेव्हा १९५१ मध्ये ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’ स्थापन झाली आणि तिने शर्यती रस्त्यावरून उचलून आखलेल्या, तपासणी असलेल्या धावपट्ट्यांवर नेल्या. छंदाला शिस्त लागली ती त्या छंदातल्याच लोकांनी लावली, हे यात लक्षात ठेवण्यासारखे आहे.

साहित्याच्या विद्यार्थ्याला यातले आणखी एक प्रकरण ठाऊक असावे. १९६३ साली टॉम वुल्फ हा तरुण पत्रकार ‘एस्क्वायर’ मासिकासाठी कॅलिफोर्नियातील या सजवलेल्या, बदललेल्या मोटारींवर लिहायला गेला. लेख काही केल्या जमेना. अखेर त्याने संपादकाला आपली टिपणे पत्रासारखी लिहून पाठवली, आणि संपादकाने तीच जवळजवळ जशीच्या तशी छापली. अमेरिकेतील ‘नव्या पत्रकारिते’च्या आरंभबिंदूंपैकी हा एक मानला जातो. जॉर्ज बॅरिस आणि एड रॉथ या गॅरेजवाल्यांकडे वुल्फने शिल्पकारांकडे पाहावे तसे पाहिले. विषय ‘हलका’ होता म्हणूनच प्रस्थापित गद्यशैली त्याला पुरेना आणि नवी शैली घडवावी लागली. हलका विषय भाषेला काय देऊ शकतो, याचे याहून बोलके उदाहरण आमच्या माहितीत नाही.

यावर आमचे सहकारी म्हणतात, ‘ते अमेरिकेचे झाले, आपल्याकडे ही परंपरा कुठे आहे?’ त्यांनी अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचा शंकरपट आठवावा. शंकरपटात सरळ दाणीवर वेळ लावून बैलजोडी पळते आणि तिच्यामागे असते ती अगदी हलकी, धुरकऱ्यापुरती छकडी. ही छकडी म्हणजे शेतातल्या बंडीचे हॉट रॉडच होय. साटा नाही, बाजूच्या फळ्या नाहीत, ओझ्यासाठी लागणारे काही नाही; गतीला नको ते सगळे उतरवलेले. म्युरॉकच्या सपाटीवर कॅलिफोर्नियातल्या पोरांनी जे सूत्र शोधले, ते आपल्या सुताराला ठाऊक होते. या खेळाला २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने बंदी आली, डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा सुधारित कायदा उचलून धरला. जनावराच्या वेदनेचा प्रश्न खराच आहे आणि तो आम्ही येथे बाजूला सारत नाही. आम्हांला एवढेच दाखवायचे आहे, की वाहन ‘हलके करणे’, ‘उतरवणे’, ‘कसणे’ ही कल्पना आपल्याकडे मोटारीबरोबर आलेली नाही.

शब्दांची साक्ष तर याहून स्पष्ट आहे. ‘गाडी’ हा एकच शब्द बैलांवरून आगगाडीवर, तेथून मोटारीवर आणि आता दुचाकीवर येऊन बसला आहे. चाकाचा ‘आरा’ बैलगाडीतून सायकलीत आला. ‘आस’ तोच राहिला. ‘वंगण’ पूर्वी चाकाच्या तुंब्यात पडे, आता इंजिनात पडते. ‘आटे’ गेले की गॅरेजात स्क्रू फिरत राहतो आणि घराघरांत माणसाच्या डोक्याविषयी शेरा मारला जातो. त्या विद्यार्थ्याच्या वहीतले ‘इंग्रजीचे अपभ्रंश’ या जुन्या शब्दांच्या शेजारी बसले होते. कोणता जुना शब्द नव्या यंत्रापर्यंत पोहोचला, कोणता वाटेत गळला आणि त्याच्या जागी कोणता परका शब्द आला, हे सगळे त्या शंभर पानांत असणार. बोलीविज्ञानाच्या अभ्यासकाला याहून अधिक काय हवे असते?

त्र्यंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ १९१५ साली प्रसिद्ध झाला. गावाची व्यवस्था सांगायला त्यांना गाड्याचीच प्रतिमा सुचली, आणि तो गाडा ज्यांच्या हातांवर चाले त्या सुतार-लोहारांची त्यांनी तपशीलवार नोंद घेतली. उद्धव शेळके यांच्या ‘धग’ने १९६० साली वऱ्हाडी बोलीला कादंबरीचे बळ दिले. शेती, भूक, कर्ज, दुष्काळ यांविषयी वऱ्हाडात पुढेही भरपूर आणि मोलाचे लिहिले गेले. पण सुताराचा नातू वेल्डर झाला, लोहाराचा मुलगा मेकॅनिक झाला, त्यानंतर आपल्या साहित्याने त्याची चौकशी फारशी केलेली दिसत नाही. परतवाडा हे सागवानाच्या लिलावाचे गाव. तेथे ट्रकांची, जीपांची, काळ्या-पिवळ्यांची कामे पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहेत. त्या शेडमधले ज्ञान आपल्या वर्गखोल्यांपासून दोन-चार किलोमीटरांवर असते आणि तरी ते परदेशाइतके दूर राहते.

एका लोहाराची चौकशी मात्र सगळ्या देशाने केली. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. तेथील दत्तात्रय लोहार यांनी मुलाच्या हौसेसाठी भंगारातले भाग जमवून सुमारे ६० हजार रुपयांत जीपसारखी छोटी चारचाकी तयार केली. दुचाकीसारखी किक मारली की ती सुरू होई. डिसेंबर २०२१ मध्ये तिची चित्रफीत देशभर पसरली. आनंद महिंद्र यांनी कौतुक केले, ही गाडी नियमांत बसत नसल्याने आज ना उद्या तिला अडवले जाईल हेही सांगितले, आणि तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये अदलाबदल झाली. या प्रसंगावर आपल्याकडे जे लिहिले गेले, त्यात ‘जुगाड’ हा शब्द सर्वांत अधिक वेळा आला. आम्हांला तो खटकतो. जुगाड म्हणजे वेळ निभावून नेण्याची युक्ती. सुकाणू, चाके, इंजिन आणि सांगाडा यांचा मेळ घालून चालती गाडी उभी करणे ही वेळ निभावणे नव्हे. ती रचना आहे. शहरातल्या वातानुकूलित स्टुडिओत हेच घडले की आपण त्याला ‘डिझाइन’ म्हणतो. दिलीप छाब्रिया यांच्या ‘डीसी’ची ‘अवंती’ २०१२ साली दिल्लीच्या वाहनप्रदर्शनात मांडली गेली, तेव्हा तिला कोणी जुगाड म्हटले नाही. ‘डिझाइन’ आणि ‘जुगाड’ या दोन शब्दांतले अंतर कौशल्याचे किती आणि प्रतिष्ठेचे किती, हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकांनीच विचारायला हवा.

आता दुसरी बाजू. ती मांडल्यावाचून या छंदाची बाजू घेणे बेजबाबदारपणाचे होईल.

कायदा स्पष्ट आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार, नोंदणीपुस्तकातील तपशील उत्पादकाने मुळात ठरवलेल्या तपशिलाहून वेगळा होईल असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा अर्थ पक्का केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने, मान्यता नसलेले भाग बसवून बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. यामागे कारणे आहेत. गाडीची उंची वाढवली की तिचा गुरुत्वमध्य वर जातो आणि वळणावर ती उलटण्याचा धोका वाढतो. घाटातल्या रस्त्यांच्या माणसांना हे सांगायला नको. इंजिनाची ताकद वाढवून ब्रेक तेच ठेवले, तर ती हौस आपली राहत नाही. समोरून येणाऱ्याचा जीव तिच्यात अडकतो. आणि आवाज! बुलेटच्या सायलेन्सरची जाळी काढून मध्यरात्री इस्पितळासमोरून जाणाऱ्याची बाजू आम्ही घेणार नाही. अनेक शहरांतील पोलिसांनी असे सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांवरून रोडरोलर फिरवला, तेव्हा आम्हांलाही बरे वाटले होते.

परंतु त्या सेमाडोहच्या जिप्सीकडे पुन्हा पाहू. मारुतीने ही गाडी १९८५ च्या अखेरीस बाजारात आणली आणि २०१९ च्या सुमारास तिचे उत्पादन थांबवले. म्हणजे आज जंगलात जी जिप्सी धावते, तिच्यामागे आता कारखाना नाही. आहे तो मिस्त्री. ही गाडी वजनाने हलकी, पुढेमागे पाट्यांच्या कमानींची, चारही चाकांनी ओढणारी. आमचा चालक सांगत होता, की त्याने सर्वांत अधिक पैसे घातले ते सायलेन्सरवर आणि इंजिनाच्या रबरी बैठकांवर, गाडी मुकी व्हावी म्हणून. “जनावर भडकलं नाही पायजे. गाडी इतकी गुपचूप पायजे, का आपल्याले पानाचा आवाज आला पायजे.” शहरातला मुलगा गाडी बदलतो ती ऐकू जावी म्हणून, हा बदलतो ती ऐकू येऊ नये म्हणून. दोघांच्या हातात तीच हत्यारे आणि दोघांना लागू तेच कलम. त्यांच्यातला भेद करण्याचे काम कलमाला जमत नाही. ते परीक्षकाचे, म्हणजे ज्याला आपण वाङ्मयात समीक्षक म्हणतो त्याचे काम आहे.

येथे एक सोपी पळवाट मोहात पाडते: गरजेपोटी केलेला बदल चांगला, हौसेपोटी केलेला वाईट. आम्ही ती नाकारतो. कायद्याने अपंग व्यक्तीसाठी वाहनात बदल करण्याची मुभा ठेवली आहे, आणि बाजूला दोन चाके लावलेली स्कूटर आपण सगळ्यांनी पाहिली आहे. त्या गरजेचे महत्त्व कोण नाकारील? पण केवळ गरज हीच कसोटी मानली, तर पहिल्यांदा आमचाच विषय बाद होईल. कवितेची कोणाला गरज असते? टाकीवर महिनाभर रंगाचे हात देत बसणारा माणूस आणि एका ओळीवर महिनाभर अडून राहणारा कवी यांच्यात आम्हांला फार मोठे अंतर दिसत नाही. पर्सिगने १९७४ मध्ये मोटारसायकलीच्या देखभालीवर लिहिताना गुणवत्तेचा तात्त्विक प्रश्न उभा केला तो याच कारणाने. आमची कसोटी इतकीच आहे: बदल करणाऱ्याला आपण काय बदलत आहोत हे कळते का, आणि त्या बदलाची किंमत तो स्वतः मोजतो की दुसऱ्याच्या माथी मारतो.

लेव्ही-स्ट्रॉसने १९६२ मध्ये हाताशी असलेल्या तुकड्यांतून नवे उभे करणाऱ्या कारागिराची कल्पना मांडली. ती आम्ही दरवर्षी संरचनावादाच्या तासाला फळ्यावर लिहितो. मुले ती पाठ करतात. कोणा मुलाच्या घरामागे अशा कारागिराची शेड असेल, हे मात्र आमच्या कधी ध्यानात आले नाही. सिद्धान्त फ्रेंचमधून आला म्हणून आदरणीय, आणि उदाहरण परतवाड्याचे म्हणून खोडण्याजोगे!

मग करावे काय? कायद्याच्या बाबतीत आम्ही तज्ज्ञ नाही, तरी नागरिक म्हणून एक म्हणणे आहे. २००७ पासून अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी ‘बाहा’ स्पर्धा होते. मुले स्वतः गाडी बांधतात, तिची कडक तपासणी होते, मग ती बंदिस्त मैदानात धावते. मोठ्या उत्पादकांच्या गाड्या तपासायला पुण्यात १९६६ पासून ‘एआरएआय’ ही संस्था आहे. दहावीनंतर शाळा सोडून पाना हातात घेतलेल्या मुलासाठी मात्र असे दार नाही. जिल्ह्याच्या तंत्रनिकेतनात किंवा आयटीआयमध्ये अशा एकेका गाडीची तपासणी व्हावी. जी सुरक्षित ठरेल तिला मर्यादित नोंद मिळावी, जी ठरणार नाही तिचे दोष लेखी सांगावेत. अमेरिकेत १९५१ साली जे साधले, ते बंदीने साधले नव्हते. तपासणीने साधले होते.

आणि भाषेच्या बाबतीत? येथे आम्ही अनभिज्ञतेची सबब सांगू शकत नाही. मराठी विभागांनी गॅरेजात जावे. वऱ्हाडातील एकेका तालुक्याच्या गावी अशी दोन-चार जुनी गॅरेजे सहज सापडतील. तेथल्या वस्तादांचे बोलणे ध्वनिमुद्रित करावे. बिघाडाचे वर्णन ते कसे करतात, आवाजावरून दोष कसा ओळखतात, त्या आवाजांना कोणती नावे देतात, हे नोंदवावे. हे काम तातडीचे आहे. विजेवरच्या गाड्या येत आहेत. इंजिनाच्या आवाजावर उभे राहिलेले अख्खे शब्दभांडार एका पिढीत मुके होऊ शकते. कोष्ट्यांचे आणि कासारांचे शब्द आपण ते व्यवसाय मोडल्यावर गोळा केले. निदान हे तरी चालू असताना करावे.

सेमाडोहहून परतताना आम्ही परतवाड्याला थांबलो. तो विद्यार्थी आता वडिलांची शेड सांभाळतो. आम्हांला पाहून त्याने हात पुसले, खुर्च्या मागवल्या, “सर, चहा घ्या” म्हणाला. वहीचा विषय आम्हीच काढला. वही त्याने टाकली नव्हती. टेबलाच्या खणात होती. मागच्या कोऱ्या पानांवर गिऱ्हाइकांचे हिशेब लिहिलेले होते, आणि पुढच्या पानांवर आमची लाल शाई तशीच होती. आम्ही दिलगिरी व्यक्त केली. तो संकोचला आणि म्हणाला, “जाऊ द्या न सर. तुम्ही म्हटलं होतं ना, का बनवणं म्हणजे फसवणं? इथं काही काही लोकं तसंच बनवतात बी.”

वहीची छायाप्रत आम्ही मागून घेतली आहे. तिच्यातील अनेक शब्दांचे अर्थ आम्हांला लागत नाहीत. त्यासाठी महिन्यातून एक रविवार त्याच्या शेडमध्ये बसायचे ठरले आहे. तो सांगेल, आम्ही लिहू. ‘दुरुस्त करणे’ या आमच्या शब्दाखाली पुन्हा ‘बनवणे’ लिहिण्यापासून सुरुवात केली आहे. ज्या वाचकांच्या महाविद्यालयांतून अशा वह्या परत गेल्या असतील, त्यांनी त्या शोधाव्यात, एवढीच विनंती.